देव आत, दूत दारात

क्योतोच्या फुशिमी इनारी देवस्थानाच्या मोठ्या दरवाजापुढे दोन कोल्हे बसलेले आहेत. एकाच्या तोंडात किल्ली, दुसऱ्याच्या तोंडात रत्न. पुढे डोंगर चढायला लागलं की आणखी शेकडो कोल्हे भेटतात. कुणाच्या तोंडात भाताची लोंबी, कुणाच्या तोंडात गुंडाळी केलेली पोथी, आणि कितीकांच्या गळ्यात लाल लाळेरं, तान्ह्या बाळाला बांधतात तसं. आपल्याकडचे पर्यटक फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकतात आणि खाली लिहितात, 'जपानमधलं कोल्हेदेवाचं मंदिर.'

कोल्हा तिथला देव नाही. देव आहे इनारी: आधी भाताचा, पिकापाण्याचा, आणि पुढे व्यापारउदीमाचाही. कोल्हा त्याचा निरोप्या. तोंडातली ती किल्ली भाताच्या कोठाराची आहे. धन्याने कोठाराची किल्ली ज्याच्याकडे सोपवली तो घरात किती विश्वासाचा असणार, हे शेतकऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही.

अशा प्राण्यांना जपानीत 'शिन्शी' म्हणतात. 'शिन' म्हणजे देव, 'शी' म्हणजे दूत. (उच्चार तोच ठेवून लिहायची अक्षरं बदलली की 'शिन्शी'चा अर्थ 'सभ्य गृहस्थ' होतो. दगडी कोल्ह्यांची बसण्याची ऐट पाहता तोही अर्थ चालून जावा.) दुसरा शब्द आहे 'केन्झोकु'. तो बौद्ध ग्रंथांतून आला. संस्कृतातल्या 'परिवार' या शब्दासाठी चिनी भाषांतरकारांनी जो शब्द वापरला, त्याचा हा जपानी उच्चार. देवळात मुख्य देवाभोवती परिवारदेवता असतात हे आपल्याला ठाऊकच आहे, तेव्हा केन्झोकु समजायला आपल्याला जड जाऊ नये.

तरी एका ठिकाणी आपण हमखास अडखळतो. आपण देवळात जातो ते दर्शनाला. शिंतो, म्हणजे जपानचा मूळचा धर्म. त्याच्या देवस्थानात दर्शन नावाचा प्रकारच नाही. हात-तोंड धुवायचं, नाणं टाकायचं, दोनदा वाकायचं, दोनदा टाळ्या वाजवायच्या, परत एकदा वाकायचं, झालं. समोर मूर्ती नसते. आत, बंद दारांमागे, 'शिंताइ' असतो, म्हणजे देव ज्यात वास करतो ती वस्तू: आरसा, तलवार, कधी एखादा दगड. तो कापडात गुंडाळून पेटीत ठेवलेला असतो आणि बहुतेक ठिकाणी पुजारीसुद्धा उघडून बघत नाहीत. काही देवस्थानांत तर गाभाराच नाही, मागचा अख्खा डोंगरच देव.

म्हणजे ज्याच्यापुढे हात जोडायचे त्याला चेहराच नाही. चेहरा आहे तो दारातल्या कोल्ह्याला, हरणाला, माकडाला. माणूस शेवटी चेहऱ्याशीच बोलतो. शिंतोतल्या प्राण्यांचं महत्त्व मला इथेच आहे असं वाटतं. देव आत, न दिसणारा. दूत दारात, ज्याचं डोकं कुरवाळता येतं, ज्याच्या गळ्यात लाळेरं बांधता येतं.

दोन गैरसमज आत्ताच दूर करू. पहिला, हे 'वाहन' नव्हे. गणपतीचा उंदीर आणि महादेवाचा नंदी डोळ्यांपुढे असल्यामुळे तो शब्द आपल्या ओठांवर चटकन येतो, पण शिन्शी देवाला पाठीवर घेऊन हिंडत नाहीत. ते निरोप नेतात-आणतात. (एक मोठा अपवाद आहे, तो पुढे येईलच.) दुसरा, देवस्थानाच्या वाटेवर सिंहासारखी दिसणारी जी दगडी जोडी असते ते दूत नव्हेत. ते 'कोमाइनु', राखणदार. त्यांतल्या एकाचं तोंड उघडं असतं, दुसऱ्याचं मिटलेलं. जपानी लोक याला 'आ-उन्' म्हणतात. संस्कृतातले 'अ' आणि 'हूं' भारतातून चीनमार्गे इतक्या लांब पोचले आणि दगडी जबड्यांत जाऊन बसले. बऱ्याच ठिकाणी मात्र कोमाइनुच्या जागी त्या देवाचा दूतच जोडीने बसवलेला असतो, आणि मग राखण आणि निरोप दोन्ही कामं त्याच्याच गळ्यात.

कोल्हा आला कुठून?

जपानमध्ये इनारीची सुमारे ३० हजार देवस्थानं आहेत असं सांगितलं जातं. कंपन्यांच्या गच्चीवर, गल्लीच्या कोपऱ्यावर असलेली छोटी देवळं वेगळीच. या सगळ्यांचं मूळ असलेल्या फुशिमीची आख्यायिका ७११ सालची. हाता घराण्यातल्या एका धनवानाने मोचीला, म्हणजे तांदूळ कुटून केलेल्या गोळ्याला, नेम धरून बाण मारला. अन्नाचा केवढा हा माज! त्या मोचीचा पांढरा पक्षी झाला, उडून डोंगरमाथ्यावर जाऊन बसला आणि जिथे बसला तिथे भात उगवला. भात उगवला, 'इने नारी', त्यावरून इनारी.

या सगळ्या गोष्टीत कोल्हा कुठे आहे? कुठेच नाही. तो नंतर आला, आणि कसा आला याची तीन उत्तरं दिली जातात.

एक उत्तर शेतातलं. जुनी समजूत अशी की डोंगरातला देव वसंतात खाली उतरतो, भाताच्या खाचरात राहतो आणि कापणी झाली की परत वर जातो. कोल्हाही डोंगर आणि शेत यांच्या सीमेवर वावरणारा. शिवाय तो उंदीर खातो. भाताच्या कोठारात उंदीर किती नासाडी करतात हे माहीत असलेल्या माणसाला कोल्हा देवाने धाडला असं वाटलं तर त्यात नवल नाही.

दुसरं उत्तर शब्दखेळाचं. अन्नाच्या देवाचं एक नाव 'मिकेत्सु नो कामी'. कोल्ह्याचं जुनं नाव 'केत्सु'. 'मि'चा अर्थ 'तीन' असाही होतो. मग कुणीतरी हे नाव लिहितानाच 'तीन कोल्ह्यांचा देव' अशी अक्षरं वापरली आणि कोल्हा कागदोपत्री देवस्थानात शिरला. जपानी भाषेत एकाच उच्चाराचे इतके शब्द आहेत की तिथे निम्मा धर्म श्लेषावर उभा आहे असं कधीकधी वाटतं. पुढे माकडाच्या वेळी याचा आणखी नमुना येईल.

तिसरं उत्तर आपल्या घरापर्यंत येतं. तांत्रिक बौद्ध पंथाबरोबर डाकिनी जपानला गेली. आपल्या गावाकडच्या गोष्टींत जिला 'डाकीण' म्हणून पोरांना भीती घालतात, तीच. भारतात तिचा संबंध स्मशानाशी आणि तिथल्या मांस खाणाऱ्या जनावरांशी. जपानमध्ये ती 'दाकिनीतेन' झाली, पांढऱ्या कोल्ह्यावर बसलेली, भक्ताला भरभराट देणारी देवी, आणि कोल्ह्याच्या ओळखीने तिची व इनारीची सांगड घातली गेली. आइचि प्रांतातलं तोयोकावा इनारी हे नावाने इनारी असलं तरी खरं झेन बौद्धांचं मंदिर आहे आणि तिथे पुजली जाते ती ही दाकिनीतेन. १८६८ मध्ये सरकारने शिंतो आणि बौद्ध यांना कायद्याने वेगळं करेपर्यंत असल्या सरमिसळीत कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

तिन्हींपैकी मला उंदरांचं उत्तर सगळ्यांत पटतं. बाकीची दोन त्यावर नंतर चढलेली असावीत, कारण पोट भरण्याशी ज्याचा संबंध आहे तेच आधी सुचतं.

एक बारकावा राहिला. देवस्थानाच्या म्हणण्याप्रमाणे रानात फिरणारा तांबूस कोल्हा हा दूत नव्हे. दूत असतो तो 'ब्याक्को', पांढरा कोल्हा, आणि पांढरा म्हणजे इथे न दिसणारा. देव दिसत नाही तसा त्याचा दूतही दिसत नाही. दगडी कोल्हे हे त्या अदृश्य कोल्ह्याचं माणसाच्या सोयीसाठी केलेलं रूप. उलट रानातल्या कोल्ह्याची लोककथांमध्ये चांगलीच बदनामी आहे: तो बाईचं रूप घेतो, वाटसरूला चकवतो, अंगात शिरतो. एकाच प्राण्याची ही दोन रूपं शेजारी शेजारी नांदतात आणि लोक दोन्हींना ओळखून असतात.

आणि कोल्ह्याला काय आवडतं? तळलेला तोफू. का, ते विचारू नका. पण त्यामुळे तळलेल्या तोफूच्या पिशवीत भात भरला की ती 'इनारीझुशी' आणि तोच तुकडा उदोनच्या, म्हणजे जाड शेवयांच्या, वाडग्यात टाकला की 'कित्सुने उदोन', म्हणजे कोल्हा उदोन. शाकाहारी मराठी माणसाने मेनूकार्डावर हे नाव वाचून दचकू नये. मात्र खालच्या रश्श्यात मासा असतो, तेव्हा दचकायचंच असेल तर त्याला दचकावं.

नाराची हरणं

वाहनाचा अपवाद म्हणालो तो हा. ताकेमिकाझुची हा विजेचा आणि तलवारीचा देव, मूळचा पूर्वेकडच्या काशिमाचा. 'काशिमा' ज्या अक्षरांनी लिहितात त्यांचा अर्थ होतो 'हरणांचं बेट'. (तिथल्या फुटबॉल क्लबचं नाव काशिमा अँटलर्स आहे ते उगाच नव्हे, अँटलर म्हणजे हरणाची शिंगं.) नारा ही राजधानी असताना सत्तेवर असलेल्या फुजिवारा घराण्याने या देवाला आपल्याकडे बोलावलं, आणि तो पांढऱ्या हरणावर बसून मिकासा डोंगरावर आला. त्याच्या पायथ्याशी ७६८ साली कासुगा देवस्थान उभं राहिलं. देव स्थिरावला आणि त्याच्या हरणाचे वंशज शहरभर झाले.

दूत म्हटल्यावर त्याला मारणं हा अपराध. मध्ययुगात नारावर कोफुकुजी या बौद्ध मठाचा अंमल होता आणि हरीण मारणाऱ्याला मृत्युदंड होत असे. त्या मठाच्या आवारात सान्साकु नावाच्या मुलाची गोष्ट सांगतात. तो अक्षरं गिरवत बसला होता. हरणाने येऊन त्याचा कागद खायला घेतला, म्हणून त्याने हाताशी असलेला कागदावरचा दाब फेकून मारला. तो वर्मी बसून हरीण मेलं. शिक्षा म्हणून मुलाला त्या हरणासोबत खड्ड्यात घालून वर दगड लोटले. ही आख्यायिका आहे, पण ज्या शहराने अशी गोष्ट जपून ठेवली त्याला हरणांची किती धास्ती होती हे तिच्यातून कळतं.

धास्ती सरली तसे हरणांचे दिवस फिरले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लोक उपाशी होते. १९४५ मध्ये नारात फक्त ७९ हरणं उरली होती. १९५७ मध्ये त्यांना राष्ट्रीय नैसर्गिक ठेव्याचा दर्जा मिळाला. आज ती हजाराच्या वर आहेत, रस्ता ओलांडतात, दुकानात डोकावतात आणि 'शिका सेन्बेइ' नावाच्या बिस्किटासाठी मान लववतात. बिस्किट साधं असतं, पीठ आणि तांदळाचा कोंडा, साखर नाही. त्याच्या गठ्ठ्याला जी कागदी पट्टी असते तिच्या विक्रीचा पैसा हरणं सांभाळणाऱ्या संस्थेला जातो. मान लववणं गोड दिसतं खरं, पण बिस्किट द्यायला उशीर केलात की तोच सभ्य गृहस्थ तुमचा शर्ट धरून ओढतो.

आता एक गोष्ट जिच्यामुळे हा विषय नुसत्या श्रद्धेचा राहत नाही. २०२३ मध्ये जपानी संशोधकांनी नारा पार्क आणि आसपासच्या कीइ द्वीपकल्पातल्या हरणांचे जनुकीय नमुने तपासले. नारा पार्कमधल्या हरणांत असा एक वाण सापडला जो इतरत्र कुठे नाही, आणि ती हजार वर्षांहून अधिक काळ बाकीच्यांपासून वेगळी राहिली आहेत असा निष्कर्ष निघाला. सरळ अर्थ असा: आजूबाजूच्या डोंगरांतली हरणं शिकारीने संपत होती आणि देवस्थानाभोवतीची तेवढी टिकून होती. 'हा देवाचा दूत आहे' हे वाक्य हजार वर्षं पाळलं गेलं आणि ते हरणांच्या जनुकांत उमटलं.

दूताच्या पदाची हद्द मात्र ठरलेली आहे. नाराच्या भोवतालची शेतं हरणं फस्त करतात, म्हणून २०१७ पासून शहराच्या बाहेरच्या पट्ट्यात ती पकडून कमी करायला सुरुवात झाली. रेघेच्या आत देवाचा दूत, रेघेच्या बाहेर पीक खाणारं जनावर. पार्कात वेगळाच धोका: २०१९ मध्ये मेलेल्या १४ हरणांपैकी ९ जणांच्या पोटात प्लास्टिक निघालं, एकाच्या पोटात तर ४.३ किलो. पिशवीला खाऊचा वास येतो, हरीण पिशवीच गिळतं. मग तिथल्याच काही उद्योजकांनी तांदळाचा कोंडा आणि दुधाच्या जुन्या खोक्यांचा लगदा यांपासून, हरणाने खाल्ला तरी चालेल असा कागद तयार केला आणि त्याच्या पिशव्या निघाल्या. सान्साकुच्या गोष्टीतलं हरीणही कागदच खायला आलं होतं.

कावळा, आणि शपथेचा कागद

जपानचा पहिला सम्राट जिम्मु कुमानोच्या डोंगरांत वाट चुकला तेव्हा स्वर्गातून एक कावळा धाडला गेला आणि त्याने यामातोची, म्हणजे आजच्या नाराच्या मुलखाची, वाट दाखवली, असं ७१२ सालचा 'कोजिकी' हा ग्रंथ सांगतो. हा 'यातागारासु'. आज त्याला तीन पाय दाखवतात, पण कोजिकीत तीन पायांचा उल्लेख नाही. तो तिसरा पाय सूर्यात राहणाऱ्या चिनी कावळ्याकडून आला. जपानच्या फुटबॉल संघटनेच्या बोधचिन्हावर १९३१ पासून हाच कावळा चेंडू धरून उभा आहे. वाट दाखवणारा म्हणून असेल, पण फुटबॉल खेळायला एक पाय जास्त असणं वाईटही नाही.

मला जास्त आवडतो तो कुमानोचा कागद. कुमानोच्या तीन मोठ्या देवस्थानांत एक छापील ताईतवजा कागद मिळतो. त्यावर मोठी काळी अक्षरं दिसतात. जवळ नेऊन पाहिलं की कळतं, अक्षरं कावळ्यांची आहेत: चोचीला चोच, पंखाला पंख लावून घडवलेली. होंगूच्या कागदावर ८८ कावळे, नाचीच्या ७२, हायातामाच्या ४८. जुन्या काळी करार किंवा शपथ या कागदाच्या मागच्या बाजूला लिहीत. सरदार लिहीत, दुकानदार लिहीत, प्रेमात पडलेले लिहीत. शपथ मोडली की कुमानोत कावळा मरतो आणि मोडणारा रक्त ओकून मरतो, अशी समजूत. कधी कागद जाळून त्याची राख पाण्यातून प्यायला लावत. खोटं बोलणाऱ्याच्या घशाखाली ती उतरणार नाही हा भरवसा. देवाला साक्षी ठेवायला त्याचा दूत पुरे झाला.

हिरोशिमाजवळच्या मियाजिमा बेटावर आणखी एक विधी आहे. बेटाला नावेने प्रदक्षिणा घालताना एका ठिकाणी पिठाचे गोळे समुद्रात सोडतात आणि थांबतात. रानातून कावळ्यांनी येऊन ते उचलले तर देवाने मान्य केलं. पिंडाला कावळा शिवेपर्यंत घाटावर ताटकळलेल्या मराठी माणसाला त्या नावेतली शांतता परकी वाटणार नाही. फरक एवढाच की तिथे निरोप पितरांकडून नाही, देवाकडून येतो.

आपल्या ओळखीची मंडळी

काही दूत थेट आपल्या देवांच्या मागोमाग गेलेत. महाकाल जपानला गेला आणि 'दाइकोकुतेन' झाला. जाताना उग्र होता, तिथे पोचेपर्यंत हसरा, ढेरपोट्या, भाताच्या पोत्यांवर उभा. त्याच्या नावाची चिनी अक्षरं 'दाइकोकु' अशी वाचतात, आणि ओकुनीनुशी या अस्सल जपानी देवाच्या नावातली अक्षरंही तशीच वाचता येतात. एवढ्या आधारावर दोघे एक झाले आणि दोघांचा दूत ठरला उंदीर.

ओकुनीनुशीच्या उंदराची गोष्ट कोजिकीतली. होणाऱ्या सासऱ्याने, सुसानोओने, गवताळ रानात बाण सोडला आणि जावयाला तो आणायला पाठवलं. तो आत शिरताच चारही बाजूंनी गवताला आग लावली. जावई अडकला. तेव्हा एक उंदीर येऊन म्हणाला, 'आत पोकळ पोकळ, बाहेर चिंचोळं चिंचोळं.' त्याने पाय आपटला, जमीन खचली, तो बिळात पडला आणि आग वरून निघून गेली. मग उंदराने तो बाणही तोंडात धरून आणून दिला. बाणाची पिसं मात्र नव्हती. ती उंदराच्या पिल्लांनी कुरतडली होती. तेराशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथात पिल्लांची ही खोडी नोंदवून ठेवणाऱ्या लेखनिकाला दाद द्यावीशी वाटते. क्योतोतल्या ओतोयो देवस्थानात ओकुनीनुशीच्या छोट्या देवळापुढे कोमाइनुऐवजी दोन दगडी उंदीर बसलेत.

सरस्वती तिथे 'बेन्झाइतेन' आहे, हातात वीणेऐवजी 'बिवा'. ती पाण्याची, कलेची आणि पुढे पैशाचीही देवी झाली आणि तिचा दूत झाला पांढरा साप. इवाकुनी शहरात खरेच पांढरे साप आहेत, बिनविषारी, लाल डोळ्यांचे, पिढ्यान्‌पिढ्या तसेच जन्मणारे. लोकांनी त्यांना बेन्झाइतेनचे दूत मानून घरांत, कोठारांत राहू दिलं. उंदीर खाणारा साप कोठारात ठेवण्यात हिशेबही होताच.

साप आला की दूत आणि देव यांच्यातली रेघ पुसट होते. नाराजवळच्या ओमिवा देवस्थानात गाभारा नाही, मिवा डोंगरच देव. तिथला ओमोनोनुशी रात्री एका राजकन्येकडे येई आणि उजाडायच्या आत जाई. तिने एकदा तोंड पाहायचा हट्ट धरला. तो म्हणाला, सकाळी तुझ्या फणीच्या पेटीत असेन, पण दचकू नकोस. तिने पेटी उघडली. आत देखणा, लहानसा साप. ती किंचाळली. देव लाजला, रागावला आणि डोंगरावर निघून गेला. देवाचं तोंड पाहू नये हा नियम इतक्या स्पष्टपणे दुसरीकडे कुठे सांगितलेला नसेल. आजही तिथल्या एका जुन्या सुगीच्या (जपानी सूचिपर्णी) वृक्षापुढे लोक साकेची बाटली आणि अंडी ठेवतात. साप तो देवाचा की सापच देव, हे अंडी ठेवणारा विचारत बसत नाही.

बाकीच्यांची धावती ओळख. हिएइ पर्वताच्या पायथ्याच्या हियोशी देवस्थानाचा दूत माकड, नाव 'मासारु'. 'मा सारु' म्हणजे संकट निघून जातं, 'मासारु' म्हणजे सरस ठरणं; एका माकडात दोन आशीर्वाद. तोक्योच्या हिए देवस्थानात पिल्लाला छातीशी धरलेली माकडीण आहे आणि सुखरूप बाळंतपणासाठी बायका तिच्याकडे जातात. हाचिमान या योद्ध्यांच्या देवाचं पाखरू कबुतर. कामाकुरातल्या त्याच्या देवस्थानाच्या पाटीवर नावातला 'हाचि', म्हणजे आठचा आकडा, दोन कबुतरांनी काढलाय. मिशिमाच्या देवाचा दूत चक्क बाम मासा, म्हणून त्या गावात पूर्वी बाम खात नसत. आता मिशिमा बामच्या हॉटेलांसाठी प्रसिद्ध आहे.

काही दूत पुराणातले नसून एखाद्या माणसाच्या चरित्रातून आलेत. सुगावारा नो मिचिझाने हा विद्वान मंत्री खोट्या आरोपावरून दाझाइफुला हद्दपार झाला आणि ९०३ मध्ये तिथे वारला. शव नेणाऱ्या गाडीचा बैल वाटेत बसला तो उठेना, म्हणून तिथेच दफन केलं. नंतर राजधानीवर संकटं कोसळली, ती त्याच्या कोपामुळे असं ठरलं आणि तो तेन्जिन नावाने विद्येचा देव झाला. त्याच्या बहुतेक देवस्थानांत बैल असतो, बहुधा बसलेला. परीक्षेच्या दिवसांत मुलं त्याचं डोकं कुरवाळतात आणि मग स्वतःचं. शेकडो हातांनी बैलाचं कपाळ गुळगुळीत, चकचकीत झालेलं असतं. क्योतोच्या गोओ देवस्थानात तसाच रानडुक्कर. वाके नो कियोमारो या अधिकाऱ्याला ७६९ मध्ये एका महत्त्वाकांक्षी भिक्षूच्या आड आल्याबद्दल हद्दपार केलं. वाटेत ३०० रानडुकरांनी त्याला सोबत केली आणि त्याचे दुखावलेले पाय बरे झाले. म्हणून तिथे गुडघे आणि कंबरदुखीवाले जातात. १८९९ च्या १० येनच्या नोटेवर पुढे कियोमारो आणि मागे रानडुक्कर होता, आणि लोक त्या नोटेला 'रानडुक्कर'च म्हणत.

लांडगा

तोक्योच्या पश्चिमेला चिचिबुच्या डोंगरांत मित्सुमिने देवस्थान आहे. तिथे दाराशी बसलेत ते लांडगे, बरगड्या मोजता येतील असे. डोंगरातल्या शेतकऱ्याचे शत्रू दोन, रानडुक्कर आणि हरीण. आणि त्या दोघांना खाणारा लांडगा. कोल्हा आणि उंदीर यांचाच हिशेब, जरा मोठ्या मापाने. जपानीत लांडग्याला 'ओकामी' म्हणतात आणि मोठ्या देवालाही 'ओकामी'. लोक त्याला नावाने हाक न मारता 'ओइनु-सामा', कुत्रेसाहेब, म्हणत.

मग अठराव्या शतकात रेबीज पसरला. पिसाळलेला दूत गावात शिरू लागला, भीती वाढली, बंदुका आल्या, रानं आक्रसली. जानेवारी १९०५ मध्ये हिगाशी-योशिनो गावात माल्कम अँडरसन या अमेरिकन संग्राहकाने शिकाऱ्यांकडून एका मेलेल्या लांडग्याचं कातडं आणि कवटी ८ येन ५० सेनला विकत घेतली. ती आता लंडनच्या संग्रहालयात आहे. जपानी लांडग्याची ती शेवटची खात्रीची नोंद. हिगाशी-योशिनो आहे नारा प्रांतात, जिथे हरीण मारणाऱ्याचा जीव जात असे त्याच प्रांतात. हरणांना खाणारा कुणी उरला नाही, आणि आज जपानभर शेतं आणि जंगलं हरणांच्या तोंडी पडली आहेत.

मित्सुमिनेत मात्र लांडगा अजून उसना मिळतो. 'गोकेन्झोकु हाइशाकु', म्हणजे देवाचा परिवार उसना नेणं. अर्ज करायचा, पुजारी प्रार्थना म्हणतो आणि लांडगा ज्यात आहे असं मानतात तो ताईत देतो. एक लांडगा ५० घरांपर्यंत राखण करतो, असा जुना हिशेब आहे: आग, चोर आणि पिकात शिरणारं जनावर यांच्यापासून. तो विकत मिळत नाही. घरी नेऊन उंच, स्वच्छ जागी ठेवायचा, आणि वर्ष भरलं की डोंगर चढून परत करायचा आणि दुसरा घेऊन यायचं.